अंगणवाडी हा पण जमिनीचाच प्रश्न

(किनवट तालुक्यातल्या गावबैठकीत केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणे उतरवून घेतलं आहे.)



आया-बहिणींनो, दादांनो, म्हाताऱ्या माणसांनो, सकाळपासून आपण दाव्यांवर बोललो. कुणाचा दावा तालुक्याला अडकला, कुणाची मोजणीच झाली नाही. ते बोललंच पाहिजे. पण ज्या लेकरांसाठी जमीन मागतो, त्यांचं आज काय चाललंय, ते पण याच बैठकीत बोलू.

मोहाच्या दिवसांत माय पहाटेच रानात जाते. पुढं तेंदूपत्ता, मग निंदणी, मग कापूस वेचणी. काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. मागं तान्ह्या लेकराला कोण बघतं? सात-आठ वर्षांची बहीण. तिच्या कमरेवर लेकरू आलं की तिची शाळा सुटली. लेकरू शिळ्या भाकरीवर दिवस काढतं आणि माय कामावर असून तिचं चित्त घरी असतं. वस्तीत अंगणवाडी चालली तर तिघांचं भागतं. लेकराला गरम खाऊ, बहिणीला शाळा, मायच्या जीवाला निवांतपणा.

हे काही आपण भीक मागत नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सहा वर्षांखालच्या लेकराला आहार, लस, तपासणी, गरज पडली तर दवाखान्याची चिठ्ठी. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला वर खेळातून शिक्षण. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी माय, यांना पण आहार आणि सल्ला.

पण अंगणवाडी असते मोठ्या गावात. मधे नाला, नाल्याला पूर. तीन वर्षांचं लेकरू कसं जाणार? नाव रजिस्टरला, खाऊ मात्र ताटात नाही. यात ताईला बोल लावू नका. तिला पगार नाही, मानधन हाय, आणि चार वस्त्यांचं काम एकटीच्या गळ्यात.

अंगणवाडी हा शब्दच बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं. लेकरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथून अंगणवाडी. त्याच वर्षी त्याच डहाणू भागात वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले होते. म्हणजे जमिनीचा लढा आणि लेकरांची शाळा, दोन्ही आदिवासींच्याच अंगणात एका वेळी चालू होतं. आज नाव अंगणवाडी, आणि आपल्या अंगणात ती नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आपलं लेकरू घरी गोंडी नाहीतर कोलामी बोलतं. पहिलीत गेलं की सगळं मराठीत. ते गप्प बसतं, आणि मग म्हणतात, "याच्या डोक्यात काही शिरत नाही." लातूर पॅटर्नचं नाव सगळीकडं हाय, अकरावी-बारावीची पोरं लांबून लांबून तिथं शिकायला जातात. मी बारावीपर्यंत शिकले म्हणून सांगते, आपली पोरं बारावीला गळत नाहीत, पहिलीच्या आधीच गळतात. म्हणून वस्तीतलीच, आपली भाषा बोलणारी सेविका पाहिजे.

आता जमिनीचं. खोली बांधायचं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "जागा वनाची हाय, बांधता येत नाही." हे उत्तर आता चालत नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान अशा सोयींसाठी वनजमीन देता येते. अट अशी की एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. अंगणवाडीला दोन-तीन गुंठे पुरतात. आणि शिफारस कुणाची लागते? ग्रामसभेची. म्हणजे सुरुवात आपल्या हातात हाय.

कायदा संसदेत पास झाला डिसेंबर २००६ ला. त्याच महिन्यात, १३ तारखेला, सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला. वस्तीत सहा वर्षांखालची ४० लेकरं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. आदिवासी वस्त्यांना आधी. वस्ती लहान असली तरी १५० ते ३०० लोकसंख्येला मिनी अंगणवाडी बसायची.

एका कागदानं जागा, दुसऱ्या कागदानं अंगणवाडी. दोन्ही कागद एकत्र लावायचे.

तर गावाला गेल्यावर तीन कामं. बायांनी घरोघर जाऊन सहा वर्षांखालच्या लेकरांची यादी करायची, ऊसतोडीला गेलेल्यांची नावं पण धरायची. वनहक्क समितीनं जागा दाखवायची, कच्चा नकाशा काढायचा. मग ग्रामसभेत ठराव घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे.

ठराव असा लिहा :

"आमच्या वस्तीत सहा वर्षांखालील ____ बालके आहेत (यादी सोबत). अंगणवाडी नाही. ही ग्रामसभा अंगणवाडीची मागणी करते आणि वनहक्क कायदा कलम ३(२) प्रमाणे ____ येथील ____ गुंठे जागेची शिफारस करते. सेविका याच वस्तीतील, आमची भाषा बोलणारी असावी."

दाव्याची फाईल आणि लेकरांची यादी एकाच पिशवीत ठेवा. जोहार!