दाराला आतून कडी आहे का?
(महिला मेळाव्यातील भाषण)



मी अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर काम करते. आज फोनवरच्या डॉक्टरांबद्दल बोलायचं आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

गेल्या पावसाळ्यात एका बाईच्या अंगावरून पांढरं जात होतं, खाज होती. दवाखान्यात जायचं तर रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, सोबतीला कुणीतरी लागतं. मी म्हटलं, ‘ई-संजीवनीवर बोल, फुकट आहे.’ फोन नवऱ्याचा, ओटीपीही त्याच्याच फोनवर. तो फोन धरून उभा, सासू दारात. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय त्रास होतो?’ ती म्हणाली, ‘डोकं दुखतं.’ डोकेदुखीच्या गोळ्या मिळाल्या! डॉक्टर तरी काय करणार? मी सोय पाहिली, आडोसा पाहिला नाही.

मग तिला उपकेंद्रात नेलं. तिथल्या आरोग्य अधिकारी बाईंनी दार लावून घेतलं, डॉक्टरांना फोन जोडून दिला. या वेळी ती खरं बोलली. डॉक्टर म्हणाल्या, ‘हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.’ गटातल्या दोघी तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या. तपासणी झाली, उपचार झाले.

यातून दोन गोष्टी कळतात. ही सेवा उपयोगाची आहे. 2019 साली ती उपकेंद्रांसाठी सुरू झाली, एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, घरून बोलायची सोय झाली. बीपी-शुगरची फेरतपासणी, रिपोर्ट दाखवणं, साधा खोकला-ताप यासाठी खेप वाचते. पण फोनवरून पोट दाबून पाहता येत नाही. जास्त रक्त जाणं, बाळंतपणाच्या कळा, सर्पदंश, छातीत दुखणं, अशा वेळी फोनवर सल्ला घेत बसू नका. 108 ला गाडी बोलवा.

दुसरी गोष्ट हक्काची. 25 मार्च 2020 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टरांनी आपली ओळख द्यायची असते, आपली माहिती गुप्त ठेवायची असते. आरोग्य कर्मचाऱ्याने फोन लावला, तर आपली स्पष्ट संमती घ्यावी लागते. संमती बाईची. नवऱ्याची नव्हे, सासूची नव्हे!

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. मोबाइलचा मागमूस नव्हता, पण बाई जिच्याजवळ मन मोकळं करील अशी बाई गावात होती. आज फोन आला, म्हणून तिची गरज संपली का? उलट वाढली.

म्हणून आपण मागायचं काय? उपकेंद्रात बोलण्यासाठी स्वतंत्र खोली. ठरलेल्या दिवशी फोनवर स्त्री डॉक्टर. औषधाची चिठ्ठी बाईच्या हातात. आणि गटाने आपणहून करायचं काय? जिच्याकडे फोन नाही तिला आपला द्यायचा, आणि तिचं बोलणं होईस्तोवर बाहेर थांबायचं.

गावी गेल्यावर आधी उपकेंद्रात जा आणि एवढंच पाहा: दाराला आतून कडी आहे का? नसेल, तर ग्रामसभेतली पहिली मागणी तीच.