परतीचे ओझे

अलास्काच्या रानात शिकारीस निघणारा मनुष्य पाठपिशवी निवडताना परतीच्या ओझ्याचा हिशेब आधी करतो. जाताना पाठीवर तंबू, शिधा व अंथरूण-पांघरूण असते. येताना मूस नावाच्या महाकाय हरिणाचे 200 किलोंच्या आसपास मांस अनेक खेपांत वाहावयाचे असते. खाण्याजोगे मांस रानातच टाकून येणे हा तेथे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून पिशवीचा सांगाडा ताठ आणि पाठीच्या लांबीस जुळणारा हवा; रुंद कंबरपट्ट्याने खांद्यांवरचा भार कमरेवर उतरावयास हवा. मांस सांगाड्यालगत, पाठीस खेटून बांधता यावे, म्हणजे चढउतारावर तोल जात नाही. जे वाहून आणता येणार नाही ते मारू नये, हा विवेक या निवडीच्या मुळाशी आहे.