दूध ज्यांना सोसत नाही

मंडळी, कोल्हापुरात बसून दुधाविरुद्ध बोलायचं म्हणजे पंचगंगेच्या काठावर उभं राहून पाण्याला नावं ठेवण्यासारखं आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो की, आज मी दुधाविरुद्ध बोलणार नाही. ज्यांना दूध सोसत नाही, त्या माणसांच्या बाजूने मी चार शब्द बोलणार आहे. अशी माणसं आपल्यात थोडीथोडकी नाहीत. फक्त ती बोलत नाहीत.

का बोलत नाहीत, ते गंगावेशीत संध्याकाळी एक फेरी मारली म्हणजे कळतं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात ठेवतो. तालमीतून घाम गाळून आलेली पोरं तो एका दमात रिकामा करतात. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं, त्या या गावात पैलवान म्हटला की दूध, तूप आणि बदाम हे ओघानंच आलं. पुढं १९६३ साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ स्थापन झाला, ज्याला आपण ‘गोकुळ’ म्हणून ओळखतो. आज जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत म्हशीच्या धारेवर मुलांची फी भरली जाते. अशा मुलखात एखादा पोरगा वस्तादांना कसं सांगणार, की “वस्ताद, मला दूध सोसंना”? वस्ताद म्हणणार, “आरं, रेटून पी. चार दिसांत सवय हुईल.” घरी आई म्हणणार, “नुसती नाटकं!” मग पोरगा नाक दाबून पितो, तासाभरात पोटात गुडगुडायला लागतं, पोट फुगतं, कळा येतात, कधी ढाळ लागते. आणि त्याच्या मनात पक्कं बसतं की आपलं शरीरच हलकं आहे.

ते हलकं नसतं. त्या पोटात काय घडतं, ते आधी पाहू.

दुधात एक साखर असते. तिला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. गाईचं घ्या, म्हशीचं घ्या, पेलाभर दुधात ती साधारण दहा ग्रॅम भरते. ही साखर म्हणजे दोन लहान साखरांची जोडी. एका जुवाला दोन बैल जुंपावेत, तशा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज एकत्र बांधलेल्या असतात. आतड्याचा दरवाजा मात्र अरुंद; त्यातून जोडी आत जात नाही. जू सोडून एकेक बैल आत घ्यावा लागतो. हे जू सोडणारा गडी लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर बसलेला असतो. त्याचं नाव लॅक्टेज. शाळेच्या पुस्तकात अशा पदार्थांना विकर म्हणतात, डॉक्टर एन्झाइम म्हणतात.

आता गंमत पाहा. तान्ह्या बाळाच्या आतड्यात हे गडी भरपूर असतात, कारण त्याचं सगळं पोटच दुधावर. आईच्या दुधात तर ही साखर गाईम्हशीच्या दुधाहून जास्त असते. पण अंगावरचं दूध सुटलं, मूल भाकरी खाऊ लागलं, की शरीर हळूहळू गडी कमी करत जातं. काम नाही तर मजुरी कशाला द्या? वासरात हेच होतं, कोकरात हेच होतं आणि बहुतेक माणसांतही हेच होतं. साऱ्या जगातल्या मोठ्या माणसांचा हिशेब मांडला, तर साधारण तीनांतल्या दोघांचे हे गडी कमी झालेले आढळतात.

गडी कमी पडले की जोडी तशीच पुढं मोठ्या आतड्यात जाते. जाताना पाणी ओढून घेते, म्हणून शौचाला पातळ होतं. तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात, ती आंबते, वायू तयार होतो, म्हणून पोट फुगतं. अर्ध्या तासापासून दोनेक तासांत हा सगळा खेळ होतो. त्रास खरा, पण आतड्याला इजा होत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग ज्यांना दूध पचतं, त्यांचं काय? हजारो वर्षं जनावरं पाळणाऱ्या लोकांत असा एक आनुवंशिक फरक पसरला की त्यांचे गडी म्हातारपणापर्यंत कामावर राहतात. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातले संशोधक सहभागी असलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या दोन हजारांहून अधिक माणसांची तपासणी होती. आपल्याकडच्या गोपालक लोकांत आणि युरोपातल्या लोकांत आढळणारा फरक तोच आहे, असं त्यात दिसलं. वायव्येकडे तो जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. त्याआधी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दिल्लीकडच्या माणसांपैकी सुमारे २७ टक्क्यांत लॅक्टेज कमी आढळलं, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरीकडच्या माणसांत सुमारे ६७ टक्क्यांत. आपण महाराष्ट्रातले लोक उत्तर आणि दक्षिणेच्या मध्ये. त्यामुळे एकाच घरात एका भावाला शेरभर दूध पचावं आणि दुसऱ्याला पेलाभरही न पचावं, यात नवल नाही.

डॉक्टर मंडळींनाही हे उशिरा कळलं, बरं का. १९६५-६६ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी धडधाकट माणसं तपासली, तेव्हा लॅक्टेज कमी असणं ही किती सर्वसाधारण गोष्ट आहे ते त्यांना उमगलं. तोवर ज्यांना स्वतःला दूध पचत होतं, त्यांनीच पुस्तकं लिहिली होती.

आता वस्तादांकडे परत येऊ. वस्तादांचं म्हणणं साफ चूक नाही. थोडं थोडं दूध रोज घेत गेलं, तर मोठ्या आतड्यातले जंतू त्या साखरेला सरावतात आणि त्रास कमी होतो. चूक आहे ती ‘रेटून’ या शब्दात. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक माणसांना एका वेळी साधारण बारा ग्रॅम साखर, म्हणजे पेलाभर दूध, विशेष त्रासाशिवाय चालतं. त्यातही जेवणाबरोबर घेतलं तर अधिक सोपं जातं. त्रास होतो तो उपाशी पोटी तांब्याभर रिचवल्याने. म्हणून अर्ध्या कपाने सुरुवात करावी, जेवणाच्या मागोमाग घ्यावं आणि आठवड्या-आठवड्याने वाढवावं. चहातलं दूध तर इतकं थोडं असतं की त्याचा बहुतेकांना उपद्रव होत नाही. वाडीला दत्तदर्शनाला गेलात तर बासुंदीची वाटी जपून घ्या. आटवलेल्या दुधात साखर दाट होते, दुग्धशर्कराही. तुपात मात्र ती जवळजवळ नसतेच.

दूध धारोष्ण असलं की बाधत नाही, असं पुष्कळ जण ठासून सांगतात. हे तपासून पाहिलेलं आहे, २०१४ साली अमेरिकेत. कच्चं दूध घेतल्याने या माणसांचा त्रास कमी झाला नाही. साखर कच्च्या दुधात तितकीच आणि तापवलेल्यातही तितकीच. उलट न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिसचा ताप किंवा क्षयाचे जंतू येऊ शकतात. कट्ट्यावरच्या पेल्याची चव मी जाणतो. तरीही दूध तापवूनच घ्या, असंच मी म्हणेन.

आपल्याकडे एक म्हण आहे : दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दूध न सोसणारी माणसं अगदी हेच करतात. दुधाबरोबर दही सोडतात, ताक सोडतात. आणि इथंच त्यांची फसगत होते. कारण ज्या गड्याची त्यांच्या आतड्यात उणीव आहे, तो विरजणात हजर असतो!

विरजण, किंवा आपल्याकडे म्हणतात तसं इरजण, म्हणजे जिवंत जंतूंचा जथा. रात्री कोमट दुधात चमचाभर घातलं की सकाळपर्यंत ते जंतू दुग्धशर्करा फोडून तिचं आम्ल करतात. म्हणून दह्याला आंबटपणा येतो. सगळी साखर संपत नाही, पण बरीच कमी होते. शिवाय दही खाल्लं की ते जंतू आपलं विकर घेऊन पोटात उतरतात आणि उरलेली साखर आतड्यात फोडायला हातभार लावतात. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ साली हे मोजून दाखवलं. न पचलेली साखर आतड्यात आंबली की हायड्रोजन वायू तयार होतो आणि तो श्वासातून बाहेर येतो. तेवढीच साखर दुधातून दिली आणि योगर्टमधून, म्हणजे आपल्या दह्याच्या परदेशी भावंडातून दिली, तर योगर्टनंतर श्वासातला हायड्रोजन सुमारे एक तृतीयांशच भरला. दही उकळलं तर हे जंतू मरतात, म्हणून कढीला हा गुण कमी. पण ताकाची कढी मुळातच पातळ, ती सहसा बाधत नाही. श्रीखंडाच्या चक्क्यातून पाणी निथळतं, त्याबरोबर पुष्कळ साखरही निघून जाते.

आपल्या आजीने दुपारच्या जेवणात ताकाचा आग्रह धरला, तो विकराचं नाव माहीत नसताना. म्हणून तालमीतल्या त्या पोराला मी सांगेन : दूध अर्धा कप, दही वाटीभर, ताक हवं तितकं. अंगी लागायचं ते प्रथिन आणि हाडांचं चुनखत दह्यातही आहेच. शिवाय नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणीची आंबील ताक घालून केली तर दोन्ही कामं एका वाटीत होतात.

आता औषधाच्या दुकानाकडे वळू. पोट फुगतं म्हणून माणूस दुकानात जातो आणि पाचक औषधाची बाटली घेऊन येतो. बाटलीवर एन्झाइम असं लिहिलेलं असतं. पण कोणतं एन्झाइम? पुष्कळदा त्यात असतं डायास्टेज, जे पिष्ट म्हणजे भात-भाकरी फोडतं. आणि पेप्सिन किंवा पपईच्या चिकापासून काढलेलं पपेन, जे प्रथिन फोडतं. अडकित्त्याने सुपारी फुटते, ऊस तुटत नाही. उसाला कोयताच हवा. दुग्धशर्करेला लॅक्टेजच लागतं. बाटलीवर लॅक्टेज हे नाव नसेल, तर दुधाच्या तक्रारीवर ते पैसे वाया.

लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात. बुरशीच्या किंवा यीस्टच्या मदतीने ते विकर तयार करतात. गोळी दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायची. तासाभराने, पोट दुखू लागल्यावर घेऊन उपयोग नाही. ती त्या एका वेळेपुरतीच काम करते. तिची ताकद युनिटमध्ये मोजतात. दूध असलेल्या प्रत्येक जेवणाबरोबर किमान ४५०० युनिट घ्यावीत, असं युरोपातल्या अन्नसुरक्षेच्या तज्ज्ञांनी म्हटलं आहे. थेंबही मिळतात. ते दुधात घालून दूध थंड ठेवलं की साखर आधीच फुटते आणि दूध थोडं जास्त गोड लागतं. लग्नाकार्याला, प्रवासाला गोळी सोयीची. पण ज्याच्या घरी विरजणाचं भांडं आहे, त्याने रोज गोळी विकत घ्यावी, हे काही मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. दूध घेताच अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, ही दुधाची अॅलर्जी. तिचा साखरेशी संबंध नाही. ती दुधातल्या प्रथिनामुळे होते. तिथं ना गोळी चालते ना दही. दवाखाना गाठावा. तसंच शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, ताप असेल किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागत असेल, तर सगळं खापर दुधावर फोडून घरी बसू नका.

आणि माझ्या आयाबहिणींनो, हे नीट ऐका. बाळाला जुलाब झाले की घरातलं कुणीतरी म्हणतं, “दूध बाधलंय, अंगावरचं बंद कर.” तसं कधीही करू नका. जुलाबाने आतड्याचं अस्तर सोलवटतं, गडी काही दिवस कमी होतात हे खरं. पण अस्तर भरून आलं की ते परत येतात. जन्मतःच लॅक्टेज नसणं फार फार दुर्मिळ. आईचं दूध चालू ठेवा, जलसंजीवनी पाजा, आणि डॉक्टर किंवा आशाताई सांगतील त्याप्रमाणे झिंक द्या. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर वेळ न घालवता दवाखान्यात न्या.

शेवटी गुरुजनांसाठी. शाळेत कधी दूध वाटलं जातं, कधी दुधाची खीर असते. एखादं मूल पेला बाजूला सारतं. त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून प्यायला लावू नका. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारा, की बाळ, दूध प्यायल्यावर पोटात काय होतं? मुलं खरं सांगतात. दोन आठवडे नुसतं दूध बंद ठेवून, पुढं जेवणानंतर अर्धा कप देऊन काय होतं ते पाहायला त्याच्या घरी सांगा. आणि विज्ञानाच्या तासाला विकरांचा धडा आला, की फळ्यावर चित्र काढण्याआधी एका वाटीत दूध आणि दुसऱ्या वाटीत कालच्या विरजणाचं दही ठेवा. दोन्हींची चव मुलांना घेऊ द्या, आणि दुधातला गोडवा कुठं गेला, ते त्यांनाच विचारा.