न पटणाऱ्या मताचे स्वागत



स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटोपावे, हा रिवाज मी पाळणार आहे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लोकशाहीविचार हा आजचा विषय असल्याने एका स्वागत समितीची हकिकत सांगणे भाग आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणाचा मजकूर हाती आला आणि त्यातले विचार श्रोत्यांना सोसवणार नाहीत म्हणून स्वागत समितीने परिषदच रद्द केली! माणसे जातीविरुद्धच उभी राहिलेली होती. तरी त्यांना ऐकवले नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हे त्यांनी त्यातच मांडले आहे. आम्ही मात्र आजच्या वक्त्यांची भाषणे आधी मागवलेली नाहीत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लांबली, तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. सिंधमधून उखडलेली कुटुंबे तिथे रुजली; घाटावरून, कोकणातून, उत्तरेतून आलेली माणसे कारखान्यांच्या आधाराने या परिसरात वसली. मतदारयादीत आपण सारे शेजारी-शेजारी आहोत. पण खोली भाड्याने देताना आधी आडनाव विचारले जाते, तिथे बंधुता कमी पडते. ही उणीव कोणताही निवडणूक अधिकारी भरून काढणार नाही. ती आपल्यालाच भरायची आहे.

डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यात बोलताना त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या. विरोधी पक्ष हवा आणि बहुमताने अल्पमताची गळचेपी करू नये, या त्यांतल्या दोन. सभागृहाला लागू असलेला हा नियम सोसायटीच्या वार्षिक सभेलाही लागू आहे आणि या मंडपालाही. म्हणून प्रत्येक सत्रानंतर प्रश्नांसाठी वेळ राखला आहे. वक्त्यांना अडवा, पुरावे मागा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे सांगणाऱ्या माणसाच्या विचारांचीही चिकित्सा करा; नुसता हार घालून मोकळे होऊ नका.

वालधुनीकाठच्या या गावात अंबरनाथकरांच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

जय भीम, जय संविधान!