पन्नाशीची बाई पडद्यावर का नको?



मागच्या बैठकीत आपल्यातलीच एक म्हणाली, "टीव्हीवर झळकणाऱ्या बायकांवर कसला आलाय अन्याय?" म्हणून आज डोना डी व्हरोनाबद्दल बोलते. बाई अमेरिकेतली, पण प्रश्न परका वाटायचा नाही.

डोना पोहणारी. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी संघात निवडली गेली तेव्हा तेरा वर्षांची होती. १९६४ ला टोकियोत तिनं दोन सुवर्णपदकं मिळवली. आणि मग? बरोबरीच्या मुलांना पोहण्याच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळत होती, मुलींसाठी तशी सोयच नव्हती. सतराव्या वर्षी तिचं स्पर्धेतलं पोहणं संपलं. आपल्याकडे लग्न ठरलं की पोरीचा खो-खो संपतो, तसंच म्हणा ना!

१९६५ मध्ये ती 'एबीसी' वाहिनीवर पोहण्याच्या स्पर्धांचं समालोचन करू लागली. तेव्हा तिथल्या राष्ट्रीय वाहिन्यांवर खेळाबद्दल बोलणारी बाई जवळजवळ नव्हतीच.

माईक हाती आला म्हणून ती स्वतःपुरतं बघून बसली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १९७२ मध्ये तिकडे 'टायटल नाइन' हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, खेळातसुद्धा. कायदा झाला तरी अंमलबजावणीला विरोध होताच. डोना वॉशिंग्टनला जाऊन त्यासाठी झगडत राहिली. बिली जीन किंगबरोबर 'विमेन्स स्पोर्ट्स फाउंडेशन' उभारण्यात ती होती, त्या संस्थेची पहिली अध्यक्षही तीच. आपल्याला मिळाली नाही ती शिष्यवृत्ती पुढच्या मुलींना मिळावी, एवढा साधा हिशेब.

१९९८ मध्ये एबीसीनं तिचा करार पुढे चालू ठेवला नाही. तेव्हा ती पन्नास-एक्कावन्न वर्षांची होती. दुसऱ्याच वर्षी महिला फुटबॉल विश्वचषक अमेरिकेत झाला, त्याच्या संयोजन समितीची अध्यक्ष डोना. अंतिम सामन्याला मैदानात ९०,१८५ माणसं! आणि तो सामना दाखवला कुणी? एबीसीनंच.

२००० मध्ये तिनं वाहिनीवर दावा लावला, पाच कोटी डॉलर भरपाईचा. वय आणि बाईपण या दोन्हींवरून आपल्याला काढलं, हे तिचं म्हणणं. तरुण पुरुष प्रेक्षकांना तू आवडत नाहीस, असं आपल्याला सांगण्यात आलं, असा तिचा आरोप होता. तिच्या वयाच्या पुरुष समालोचकांना हा निकष कधी लावला होता का? पुरुषाचे केस पिकले की तो अनुभवी!

आपल्याकडे २००३ च्या क्रिकेट विश्वचषकात मंदिरा बेदी पडद्यावर आली, तेव्हा तिच्या प्रश्नांपेक्षा साडी-ब्लाउजचीच चर्चा जास्त झाली. आपण बायकाही त्यात होतो. मीसुद्धा होते, खोटं कशाला बोलू?

तेव्हा त्या दिवशीच्या मैत्रिणीला माझं सांगणं एवढंच, की डोनाचा दावा हा कामगाराचा दावा होता. आपल्या केंद्रात उद्या एखादी निवेदिका किंवा स्वागतकक्षातली बाई "वय झालं म्हणून काढलं" असं सांगत आली, तर तिची तक्रार आपण कोणत्या वहीत लिहिणार, ते आजच ठरवूया.