वस्तुसंग्रहालय पाहायला जाताना
(कोरीट येथे सभासद व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिले असेल. घुमट पाहायचा, फोटो काढायचा आणि गेटवेकडे वळायचे, हा आपल्या सहलींचा शिरस्ताच! १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूत गांधार, नेपाळ, तिबेट, चीन, जपान इथपर्यंतच्या वस्तू आहेत. एका दिवसात सगळे पाहू म्हणाल तर काहीच लक्षात राहणार नाही. म्हणून मी दोनच वस्तू सांगतो.

पहिली, मीरपूर खासची बुद्धमूर्ती. सिंधमधील विटांच्या स्तूपातून १९०९-१० च्या उत्खननात ती निघाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून ती इकडे आली. मूर्ती दगडाची नाही, भाजलेल्या मातीची आहे. कुंभाराच्या हाताखालची माती सुमारे पंधराशे वर्षे टिकली!

दुसरी वस्तू म्हणजे एक फुटका दगड. नंदुरबारहून सुरतमार्गे मुंबईला जाताना विरार मागे पडले की नालासोपाऱ्याची पाटी दिसते. हेच जुने शूर्पारक बंदर. तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. हा नववा लेख मला फार मोलाचा वाटतो. तुकडा अर्धवट आहे, पण पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे, असे राजा म्हणतो. (बायकांना तो जास्त दोष देतो, ते मला पटत नाही. खर्चाची हौस पुरुषांनाही कमी नसते!) मग खरे मंगल कोणते? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. यादीत पहिले नाव राबणाऱ्यांचे आहे. आपल्या भागातून ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जाणाऱ्या माणसांना हे वाचून दाखवले पाहिजे. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्यांनाही.

सोपाऱ्याच्या स्तूपात निघालेली दगडी पेटी आणि तिच्यातले करंडक मात्र एशियाटिक सोसायटीकडे आहेत, ते या संग्रहालयात शोधू नका.

विद्यार्थ्यांनी जाण्यापूर्वी थोडी ब्राह्मी शिकून घ्यावी. अवघड नाही. क म्हणजे गणितातले बेरजेचे चिन्ह. र म्हणजे उभी रेघ, कुठे कुठे नागमोडी. ट म्हणजे उजवीकडे उघडे असलेले अर्धवर्तुळ. एवढ्यात आपल्या गावाच्या नावातली तिन्ही अक्षरे झाली. काना-मात्रा आज संध्याकाळी फळ्यावर दाखवतो. वह्या घेऊन या.