बर्नहून आंबेठाणला : शरद जोशी नावाची एक वाट

(वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा यांपैकी कोणत्याही गावी सायंकाळी अभ्यासिकेत डोकावले, तर शेतकऱ्यांची मुले स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत डोके खुपसून बसलेली दिसतात. घरी पाच-सात एकर सोयाबीन आणि तूर असते. बापाची एकच इच्छा, पोराला सरकारी नोकरी लागावी आणि या मातीतून त्याची सुटका व्हावी. त्यात गैर काहीच नाही. मात्र याच महाराष्ट्रात एक गृहस्थ नेमके उलट्या दिशेने चालत गेले. केंद्रीय सेवेतली अधिकाराची जागा आणि त्यानंतर स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून ते कोरडवाहू जमिनीकडे आले. ते गृहस्थ म्हणजे शरद अनंत जोशी.

त्यांचा जन्म 3 सप्टेंबर 1935 रोजी साताऱ्यात झाला. घर मध्यमवर्गीय, शेतीशी पिढीजात संबंध नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन त्यांनी काही काळ कोल्हापुरात अध्यापन केले आणि 1958 मध्ये ते भारतीय टपाल सेवेत दाखल झाले. दहा वर्षांनी, 1968 मध्ये, बर्न येथील जागतिक टपाल संघटनेत गेले आणि तेथे माहितीशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. 1874 साली स्थापन झालेली ही संघटना जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय संस्थांपैकी एक आहे. मानमरातब, स्वच्छ सुंदर शहर, निवृत्तीपर्यंतची निश्चिंती, सारे काही होते. एका मध्यमवर्गीय मराठी घराने देवाजवळ याहून अधिक काय मागावे?

तथापि याच कचेरीत बसून त्यांच्या मनात एक प्रश्न घर करू लागला. गरीब देशांच्या विकासाच्या नावाने परिषदा भरतात, अहवाल निघतात, तज्ज्ञ विमानाने येतात-जातात; मग गरिबी हटत का नाही? भारताचे दारिद्र्य हे मुख्यतः कोरडवाहू शेतीचे दारिद्र्य आहे, तेव्हा त्याचे उत्तर अहवालात नव्हे, शेतातच सापडेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वयाच्या चाळिशीच्या सुमारास, पत्नी आणि दोन मुलींसह, ते भारतात परतले. पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण येथे त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. पुढे ती ‘अंगारमळा’ म्हणून ओळखली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा माणूस ऋषितुल्य साधेपणाच्या ओढीने खेड्यात गेला नव्हता. तो उद्योजकाच्या वृत्तीने गेला. भांडवल किती, मजुरी किती, बियाणे-खत किती, वाहतूक-हमाली-अडत किती आणि हाती उरले काय, याचा ताळेबंद वाणिज्याच्या पदवीधराने वहीत मांडला. उत्तर उणे आले. आपल्या भागातील शेतकऱ्याला ‘उलटी पट्टी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माल विकायला न्यावा आणि सगळी कापाकापी झाल्यावर शेतकऱ्यानेच अडत्याचे देणे लागावे, तिला उलटी पट्टी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी तिला नशीब म्हणत आला. जोशींनी तिला धोरण म्हटले. शहरांना स्वस्त अन्न आणि कारखान्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून शेतीमालाचे भाव निर्यातबंदी, लेव्ही, साठ्यांवरील मर्यादा अशा उपायांनी मुद्दाम पाडले जातात, हा त्यांचा सिद्धान्त होता. कष्ट कमी पडतात म्हणून शेतकरी गरीब राहतो, हे जुने प्रवचन त्यांनी एका फटक्यात निकालात काढले. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही त्यांची विभागणीही याच हिशेबातून निघाली.

पुढचा इतिहास बराचसा परिचित आहे. 1978 मध्ये चाकणचा कांदा पेटला. 1979 च्या ऑगस्टमध्ये शेतकरी संघटनेची स्थापना झाली. जानेवारी 1980 मध्ये भामनेर खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी रस्त्याच्या मागणीसाठी वांद्रे ते चाकण अशी पदयात्रा काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन झाले. उसाला टनामागे तीनशे रुपये भाव मिळावा, ही मागणी तेव्हा गावोगाव पोहोचली. रस्ते आणि रेल्वेमार्ग रोखले गेले, गोळीबार झाला, शेतकरी मृत्युमुखी पडले. 1981 मध्ये निपाणीला तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनावर गोळ्या चालल्या. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा या काळात खेड्यापाड्यांत घुमली.

विदर्भ-मराठवाड्याला मात्र जोशी आठवतात ते कापसामुळे. महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने आपला कापूस सरकारलाच विकायचा. सीमेपलीकडे चार पैसे अधिक मिळत असले तरी कापसाची गाडी तिकडे नेणे हा गुन्हा! स्वतःच्या घामाचे पीक विकणारा माणूस तस्कर ठरावा, याहून विचित्र व्यवस्था कोणती? त्यातच राजीव गांधी सरकारच्या 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला झुकते माप दिले. डिसेंबर 1986 मध्ये, आजच्या हिंगोली जिल्ह्यातील सुरेगाव येथे कापूस आंदोलनावर गोळीबार होऊन तीन शेतकरी ठार झाले. सुरेगाव येथून फार दूर नाही. जुन्या पिढीतल्या अनेकांना ते दिवस आठवत असतील.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. लाखोंच्या संख्येने शेतकरी स्त्रिया एकत्र येण्याचे ते दृश्य अपूर्व होते. त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम उभी राहिली. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून देण्याचे हे आवाहन कोणत्याही कायद्याच्या बडग्याविना हजारो शेतकऱ्यांनी मानले. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव चढवणे हे खेड्यात किती अवघड आहे, हे तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढलेल्यांनाच कळेल.

1991 मध्ये शेजारच्या शेगावी त्यांनी ‘चतुरंग शेती’ मांडली. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती असे तिचे चार भाग. सीताशेती ही स्त्रीच्या हातची, निसर्गाशी जुळवून घेणारी, कमी खर्चाची शेती. माजघर शेती म्हणजे घरच्या घरी मालावर प्रक्रिया. आज प्रत्येक तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या पाट्या दिसतात. तशा कंपन्यांना कायद्याची चौकट मिळण्याच्या दहा-बारा वर्षे आधी हा विचार मांडला गेला होता. मात्र आंदोलनाला लाखांनी येणारे लोक उद्योगाच्या कामाला त्या उत्साहाने आले नाहीत. रस्त्यावर बसणे एक आणि वर्षभर वजनकाटा, पॅकिंग व वसुली सांभाळणे दुसरे.

राजकारणात तर जोशींना यशाने क्वचितच साथ दिली. विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने 1990 मध्ये त्यांना कृषी सल्लागार समितीचे अध्यक्षपद दिले. अटलजींच्या सरकारने 2000 साली कृषिविषयक कार्यदलाची धुरा त्यांच्याकडे सोपवली. मात्र त्यांनी 1994 मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र भारत पक्ष मतपेटीत रुजला नाही. सभेला गर्दी करणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी जात, गाव, कारखाना आणि पतपेढी पाहत राहिला. डंकेल प्रस्तावाला त्यांनी दिलेल्या पाठिंब्याने डावे दुरावले आणि स्वदेशीचा आग्रह धरणारेही दुरावले. हिंदुत्वाच्या राजकारणावर त्यांनी एकेकाळी कठोर टीका केली होती, हेही लपवण्याचे कारण नाही. तरीही 2004 मध्ये शिवसेना-भाजपाच्या पाठबळाने ते राज्यसभेवर गेले. काहींनी यास तडजोड म्हटले. पण तेथे जाऊन त्यांनी आपली जीभ गहाण टाकली नाही, हे नोंदवले पाहिजे. राजकीय पक्षांना नोंदणीसाठी समाजवादाशी निष्ठा सांगावी लागते, या अटीवर त्यांचा आक्षेप होता. समाजवाद न मानणाऱ्याने खोटी शपथ का घ्यावी, असा त्यांचा सरळ सवाल.

आणि मग 9 मार्च 2010 चा दिवस. राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले. बाजूने 186, विरोधात 1. ते एक मत शरद जोशींचे होते! चांदवडच्या मेळाव्याचा आणि लक्ष्मीमुक्तीचा प्रवर्तक महिला आरक्षणाच्या विरोधात! त्यांचा आक्षेप स्त्रियांना नव्हता, पद्धतीला होता. राखीव मतदारसंघ दर वेळी बदलत गेले, तर निवडून आलेल्या स्त्रीला आपला मतदारसंघ जोपासण्याचे कारणच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद न पटणारे पुष्कळ आहेत, आणि 2023 मध्ये संसदेने नारीशक्ती वंदन अधिनियम संमत करताना राज्यसभेत एकही विरोधी मत पडले नाही. तरीदेखील 186 जणांसमोर एकट्याने हात वर करण्यास लागणारी निर्भयता आज दुर्मीळ आहे.

12 डिसेंबर 2015 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, 2020 मध्ये, केंद्राने तीन कृषी कायदे आणले. बाजार समितीबाहेर माल विकण्याची मुभा हा त्यांतला गाभ्याचा भाग जोशींच्या मांडणीशी जुळणारा होता. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट सदस्य होते. त्याच वर्षाअखेर कायदे मागे घेतले गेले. डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे व्यवहार स्थगित झाले. शासन कोणत्याही पक्षाचे असो, महागाईची चाहूल लागताच शेतकऱ्याच्या भावावर हात ठेवण्याची सवय सुटत नाही, हे स्वपक्षीय राजवटीबाबतही म्हणायला हवे.

शेगावच्या मेळाव्याला सुमारे सात वर्षे होऊन 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्हाधिकारी आला, कचेऱ्या आल्या, जागा निघाल्या. अभ्यासिकांतल्या मुलांचे लक्ष त्या जागांकडे असते. त्यांपैकी जी मुले उद्या त्या खुर्च्यांवर बसतील, त्यांच्या टेबलावर एक दिवस सोयाबीनच्या पडलेल्या भावाचा अर्ज येईल, आणि अर्जाखाली कदाचित स्वतःच्याच गावचे नाव असेल.